साहेबाचं यंत्र आणि माझा गोवर

सर्व संबंधितांना, आणि त्यातही वैरागच्या मंडळींना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर वर्षानुवर्षं विराजमान असलेल्या दाढीच्या यंत्राचं वय अखेर निश्चित झालेलं आहे. ज्यांना ही बातमी उभ्यानं सोसणार नाही त्यांनी बसून घ्यावं. ज्यांनी आजवर त्या यंत्रापुढे हात जोडले, त्यांनी ते सुटे करायला हरकत नाही. ज्यांनी त्याला झेंडूची फुलं वाहिली, त्यांची फुलं मात्र परत मिळणार नाहीत.

ही घोषणा करायची वेळ माझ्या भाच्यानं आणली. त्याला जुन्या वस्तूंचं वेड. मागच्या दिवाळीत माझ्या कपाटातून त्यानं एक गोल पत्र्याची डबी शोधून काढली, आतल्या तपकिरी रेझरचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि परदेशातल्या कुठल्याशा मंडळाकडे पाठवले. जगात जुनी रेझरं जमवणाऱ्या लोकांचं मंडळ असतं, हे मला तेव्हाच कळलं. तिकडून एका गृहस्थाचं मोठं आदबशीर उत्तर आलं. आपण उभं आयुष्य या विषयात घालवलं, पण असा नमुना पाहण्यात नाही. दांड्याला जे बारीक भोक आहे त्यावरून ही काही खास बनावट असावी असं वाटतं. कृपया निर्मितीचा काळ कळवावा. भाचा ते वाचून दाखवत होता आणि मी हसत होते. भोकापाशी आल्यावर मला ठसका लागला, पाणी आणावं लागलं. "मावशी, हसतेस काय? कधीचं आहे ते सांग की," तो म्हणाला. मी म्हटलं, बाळा, ते सांगायला मला आधी सगळं सोलापूर सांगावं लागेल.

सगळं नको, आमची गल्ली पुरे. मिलच्या भिंतीला लागून आमचं घर. दोन खोल्या आणि पुढं पडवी. आमच्याकडे घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे, कारण मिलचा भोंगा होता. भोंगा झाला की वडील रात्रपाळीहून येत, चहा पीत आणि पडद्याआड जाऊन झोपत. माझ्या लहानपणीचे वडील मला मुख्यतः घोरण्याच्या आवाजात आठवतात. शेजारी तेलुगू पद्मशाली कुटुंबाचे चादरींचे माग. ते दिवसभर खटक-खटक चालत आणि थांबले की आम्हाला दचकल्यासारखं व्हायचं. या सगळ्या आवाजावर ताल धरून आई उखळात शेंगांची चटणी कुटायची. लसूण, तिखट, मीठ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांना तेल सुटेपर्यंत. त्या तेलाचा वास पडवीपर्यंत आला की आण्णा, म्हणजे माझे आजोबा, कुणीही न बोलावता पाटावर येऊन बसत आणि कडक भाकरीचा कुरकुर आवाज करत म्हणत, "सूनबाई, जरा बघू, मीठ बरोबर हाय का." मीठ रोज बरोबर असायचं आणि आण्णा ते रोज तपासायचे.

दुपारच्या आवाजांत एक आवाज बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं, आणि गल्लीच्या तोंडापासून "भांडीऽऽय" अशी हाळी. ती आली की साऱ्या बायका आपापल्या ट्रंका उघडत. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, काठ चांगला असलेलं एखादं पातळ असं सगळं तिच्यापुढं पडायचं. ती कापड उजेडात धरायची, नाक मुरडायची, उठून जायचं नाटक करायची. मग बायका तिला परत बसवायचं नाटक करायच्या. सौदा अगदी अडला की ती टोपलीच्या तळाशी हात घालून प्लास्टिकची एखादी वस्तू वर टाकायची. साबणाची डबी, चहाची गाळणी, फणी, जे हाताला लागेल ते. मग सौदा सुटायचा. बाई मोठी हिंडती होती. चार दिवस सोलापूर, बाकीचे दिवस एसटीनं करकंब, वैराग, सांगोला, जिथं बाजार असेल तिथं. आमच्याकडे पुरुष काळ मोजायचे तो साहेबांवरून: अमका साहेब होता तेव्हा, तमका साहेब गेला तेव्हा. बायका मोजायच्या भांड्यांवरून. आईला विचारलं, मी चालायला कधी लागले, तर ती म्हणायची, "ती चरवी आली ना, त्या पावसाळ्यात."

आता साहेबाकडे येते. आण्णा मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागांची देखरेख करणारे, बिघडला माग सुरू करून देणारे. इंग्रजांच्या वेळी त्यांच्या खात्यावर एक गोरा साहेब होता. एके सकाळी मोठा पट्टा तुटला, सगळं खातं बंद पडलं. साहेब बंगल्यावर दाढी करत होता, तसाच अर्धी दाढी सोडून धावत आला. आण्णांनी तोवर पट्टा जोडून माग सुरू केलेले. साहेबानं हातातलं दाढीचं यंत्र तिथल्या तिथं आण्णांच्या हाती ठेवलं आणि त्यांना शेकहँड केला. ही गोष्ट आण्णा दर खंडेनवमीला सांगत. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. कात्री, पाना, मागाचा आकडा, आईची विळी, आणि मधोमध पत्र्याच्या डबीत ते यंत्र. साहेबाच्या गालावरचा साबण कधी डावीकडं असायचा, कधी उजवीकडं. एका वर्षी मी हे दाखवून दिलं तेव्हा आण्णा म्हणाले, "अगं, तो माझ्याकडं तोंड करून उभा हुता, का माझ्या बाजूला उभा हुता, त्यावर हाय ते." माझं समाधान झालं.

यंत्रानं एरवी कुणी दाढी करत नसे. आण्णांची दाढी करायला न्हावी घरी यायचा. यंत्र फक्त लग्नाला. आमच्या घरातल्या नवरदेवानं हळदीच्या सकाळी साहेबाच्या यंत्रानंच दाढी करायची, हा आण्णांनी घालून दिलेला नेम. वडिलांनी तशीच केली होती. आण्णांच्या डोळ्यांत एव्हाना मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना सगळं लख्ख दिसायला लागे, म्हणून ते राहून गेलं होतं. पूजेच्या वेळी यंत्र हातात घेऊन ते एवढंच म्हणायचे, "दरसाली हलकं व्हायला लागलंय बघ. माणूस म्हातारपणी सुकतंय, तशी वस्तूबी सुकती." आई त्या वेळी नेमकी चुलीकडं वळायची. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पुढचा नवरदेव होता माझा बाळूकाका. मिलच्या ऑफिसात कारकून, केसांचा कोंबडा काढणारा, स्वभावानं इतका मऊ की डास मारायचा तर आधी त्याला दोनदा हाकलून बघायचा. त्याच्यासाठी वैरागची सुमन बघितली. बघायला मीही गेले होते, कारण माझ्यावाचून या घरात काही व्हायचं नाही अशी माझी समजूत होती आणि ती घालवायला कुणाला सवड नव्हती. तिथं बाळूकाका इतका घाबरला की त्यानं बशीतली शेंगाचटणी चमच्यानं उचलून चहात घातली आणि ढवळून प्यायला. सगळे मोठे लोक छताकडं बघायला लागले. सुमन तेवढी हसली, पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत. झालं. एसटीत परत येताना काका खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बेबी, ती हसली ते चांगलं की वाईट?" मी म्हटलं, चांगलं. तुळजापूर रस्त्याला लागेपर्यंत त्यानं तेच पुनःपुन्हा विचारलं.

सुमनला वडील नव्हते. तिचं सगळं बघायचे तिचे थोरले चुलते, तात्या. वैरागला त्यांचं आडतीचं दुकान. ज्वारी तळहातावर घेऊन ती कुठल्या शिवारातली हे सांगणारा माणूस. ते आमचं घर बघायला आले. घर बघून झालं, माग ऐकून झाले, पडद्याआडून वडीलही ऐकून झाले. आण्णांना वाटलं, आता आपल्या घराण्याची खरी शोभा दाखवावी. त्यांनी डबी उघडली, पट्टा तुटल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. साबण त्या दिवशी डावीकडं होता. तात्यांनी यंत्र हातात घेतलं, ज्वारीसारखं तळहातावर तोललं, नखानं टकटक केलं.

"आण्णा, राग मानू नका," तात्या म्हणाले, "पन ह्ये प्लास्टिक हाय."

"प्लास्टिक न्हवं. कचकडं. विलायती कचकडं हाय ते."

"आमच्या दुकानातली साबणाची डबी आशीच हाय की. साहेबाच्या राज्यात कुटलं आलंय प्लास्टिक?"

"जुनं झाल्यावर समदं सारखंच दिसतंय, तात्या. तुमी आन् मी न्हाई का?"

तात्या हसले नाहीत. त्यांनी यंत्र डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "हे बगा पाव्हणं. पोरगी बिनबापाची हाय. मला धा ठिकानी टोचून बगावं लागतंय. तुमी म्हनताय पोरगं मिलच्या हापिसात कायम हाय. आसंल. पन जी वस्तू डोळ्याम्होरं हाय तिचंच खरं कळंना, तर जी दिसत न्हाई ती कशी मानावी? फुडल्या बाजाराला म्या येतो. तवर ह्येचं काय त्ये बगून ठेवा."

गंमत अशी की काका खरोखरच कायम झाला होता. फक्त ऑर्डरवर वरची सही व्हायची होती आणि सही करणारे गावाला गेले होते. म्हणजे माझ्या काकाचं लग्न, सुमनचं पुढचं सगळं हसणं आणि आण्णांची इभ्रत, असं सगळं एका दाढीच्या यंत्रावर येऊन टेकलं. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत. मीठसुद्धा तपासलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि बाळूकाका तपासाला लागलो. आम्हाला सत्य नको होतं, हे आधीच सांगते. आम्हाला जुनं वय हवं होतं. जेवढं जुनं मिळेल तेवढं. आधी आम्ही कुंकू काढलं. दांड्याच्या बुडाशी इतक्या नवमींचं कुंकू साठलं होतं की ते चिंच लावून दातांच्या ब्रशनं घासावं लागलं. खालून इंग्रजी अक्षरं निघाली. 'मेड' एवढं स्वच्छ वाचता आलं. पुढं कुठं मेड ते झिजून गेलं होतं. काका भिंग लावून म्हणाला, "जागा भरपूर सोडलीय बघ. मोठा देश असणार." मग आम्ही चौकातल्या सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्यानं यंत्र उलटंसुलटं केलं, स्वतःच्या हनुवटीवर फिरवलं, कानाला लावलं. "जुनं हाय," तो म्हणाला. काकाचा चेहरा उजळला. "लई जुनं. पन ह्ये दाढीचं न्हाई. ह्ये पाय घासायचं हाय." काकानं त्याला ब्लेड कुठं बसतं ते दाखवलं. सलूनवाला म्हणाला, "मग लई भारी पाय घासत आसतील." त्यानंतर गल्लीतल्या ज्याला-त्याला आम्ही विचारलं आणि ज्यानं-त्यानं यंत्राचं वय थोडं-थोडं कमी केलं. सकाळी ते इंग्रजांच्या वेळचं होतं, दुपारी स्वातंत्र्याच्या वेळचं झालं, आणि संध्याकाळी शेजारच्या मागवाल्या अम्मा म्हणाल्या, "ऐसाच हमारे कने कंगवा है, नवा." यंत्र तासातासानं तरुण होत होतं आणि बाळूकाका म्हातारा.

शेवटी मी ते शाळेत नेलं. आमच्या विज्ञानाच्या सरांना ही खरी शास्त्रीय अडचण वाटली. त्यांनी फळ्यावर 'कचकडे की प्लास्टिक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. कचकडं, म्हणजे सेल्युलॉइड, असेल तर तापलेली सुई टोचल्यावर कापराचा वास येतो, नसेल तर येत नाही, असं त्यांनी सांगितलं. स्पिरिटच्या दिव्यावर सुई लाल केली आणि माझ्या काही ध्यानात यायच्या आत दांड्यात खुपसली. चर्र झालं, धूर निघाला, सरांनी नाक खाली नेलं आणि मग त्यांना आठवलं की आपल्याला पडसं झालंय. म्हणून यंत्र पहिल्या बाकावरून फिरलं. पहिली मुलगी म्हणाली, कापूर. मी आनंदानं उडीच मारणार होते. सरांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "हो सर. माझ्या रुमालाला आईनं कापूर बांधलाय." दुसरीला कांदाभज्यांचा वास आला, कारण मधली सुट्टी जवळ आली होती आणि फाटकाबाहेरची कढई तापली होती. तिसऱ्या बाकापासून पुढं सगळ्या वर्गाला भज्यांचाच वास आला. सरांनी फळ्यावर 'अनिर्णित' असं लिहिलं. मी घरी घेऊन आले ते भोक पडलेलं यंत्र. परदेशातल्या गृहस्थांची ती खास बनावट, ती हीच.

भोक बघून बाळूकाकानं डोकं धरलं. त्यात मेण भरायचं ठरलं आणि मेण मागायला मी आईकडं गेले. आई उखळाशी बसली होती. तिनं यंत्र बघितलं, भोक बघितलं, मुसळ खाली ठेवलं. मला वाटलं आता मार. पण आईचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे पदरामुळं कळेना. मग म्हणाली, "दार लोट."

मी दार लोटलं. आई हळू आवाजात म्हणाली, "ते साहेबाचं न्हाईच."

झालं होतं असं. एका नवमीनंतर आण्णांनी यंत्र डबीत न ठेवता आपल्या जुन्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, चोराच्या भीतीनं. कोट ट्रंकेत गेला. पुढं बोहारीण आली. आईला एक पितळी पातेलं फार दिवसांपासून मनात भरलं होतं, काठाला वेल असलेलं. पातळावर सौदा जमेना. आईनं तो कोट टाकला. पातेलं घरात आलं, कोट गाठोड्यात गेला, आणि कोटाच्या खिशातून साहेब गेला. डबी रिकामी आहे हे आईच्या लक्षात आलं ते त्यानंतर. पुढच्या फेरीला तिनं बोहारणीचे पाय धरले. पण कोट कुठल्या बाजारात कुणाच्या अंगावर गेला, ते कुणाला माहीत असणार.

"मग?"

"मग तिनं टोपलीत हात घातला आन् हे काढून दिलं. म्हनली, ठिव हेच. पुरुषांना काय कळतंय. तू काय पयली न्हाईस."

"आई, हे कधी झालं पण?"

आईनं फळीवरच्या पातेल्याकडं बघितलं. "हे आलं, त्याच्या फुडच्या फेरीला. तुला गोवर आला हुता बघ, अंगभर."

मी बोटांवर हिशेब केला. मला गोवर आला तेव्हा मी बाराखडी लिहीत होते. म्हणजे ज्याच्यापुढं मी दरवर्षी डोकं टेकवत होते, ते साहेबाचं यंत्र माझ्याहून लहान होतं. नात्यानं त्यानंच मला नमस्कार करायला हवा होता. आज इतक्या वर्षांनी परदेशातल्या त्या विद्वानाला भाच्याकरवी मी हेच कळवलं आहे: निर्मितीचा काळ, पातेल्याच्या पुढची फेरी, गोवरानंतर. त्यांचं उत्तर अजून यायचंय.

बाळूकाकाला आम्ही सांगितलं. तो पडवीच्या खांबाला टेकून शेजारचे माग ऐकत बसला. मी म्हटलं, काका, आण्णांना खरं सांगून टाकू, मग तात्यांना सांगता येईल की आमचे आण्णा खोटं बोलले नव्हते, वस्तूच बदलली होती. काका म्हणाला, "आणि आण्णांना काय सांगायचं? की इतकी वर्षं तुम्ही साबणाच्या डबीची पूजा करताय? आणि वहिनींना ते काय म्हणतील?" मग म्हणाला, "सुमन नाही मिळाली तरी चालेल." हे तो म्हणाला खरा, पण त्या संध्याकाळी त्यानं चहात साखर घातली नाही आणि नाही घातली हे त्याला कळलंही नाही. आईनं भोकात मेण भरलं, वरून कुंकू लावलं. आम्ही तिघांनी तोंड शिवून घ्यायचं ठरवलं.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं तात्या आले. या खेपेला बरोबर त्यांच्या पत्नी, सुमनच्या मोठ्या काकू, होत्या. डोक्यावरून पदर, हातात शेंगांची पिशवी, आणि तोंडातून फक्त "हं". बसा म्हटलं, हं. पाणी घ्या म्हटलं, हं. आईनं उप्पीट केलं होतं, त्यालाही हं. आण्णा धुतलेलं धोतर नेसून, डबी मांडीवर घेऊन बसले होते. बाळूकाका दाराशी उभा होता, तो उभा आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं. पडद्याआड वडिलांचं घोरणं एका लयीत चालू होतं आणि मला त्या क्षणी त्यांचा फार हेवा वाटला.

तात्यांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली. म्हणाले, "आण्णा, त्या दिशी म्या का आडून बसलो, ते आज सांगतो. आमच्या वडलांनी कलेक्टरसाहेबाचा तंबू लागला तवा तितं दूध पुरवलं हुतं. जाताना साहेबानं खूश होऊन सोताचं दाढीचं यंत्र दिलं. आमी लक्ष्मीपूजनाला त्येला गादीवर ठिवतो. खरी वस्तू घरात हाय म्हनून मला खोटी कळती. म्हनलं बोलत बसन्यापरीस घिऊनच जावं. आता बगा, साहेबाची वस्तू कशी आसती."

त्यांनी आपल्या पिशवीतून लाल मखमलीचा तुकडा काढला. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. आत तपकिरी यंत्र होतं. तोच दांडा, त्याच बारीक रेघा, तोच रंग. आमच्यावर खंडेनवमीचं कुंकू होतं, त्यांच्यावर लक्ष्मीपूजनाची हळद. आण्णांनी डबी उघडून आपलं बाहेर काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. बाळूकाका एक पाऊल पुढं आला आणि परत मागं गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

तात्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बाजारात नेलेली आपलीच ज्वारी दुसऱ्याच्या पोत्यातून निघावी तसा. त्यांनी एकदा इकडचं उचललं, एकदा तिकडचं. मग आण्णांनी दोन्ही यंत्रं दोन हातांत घेतली, डोळे मिटले आणि ती तोलली.

"तुमचंबी हलकं झालंय की," आण्णा म्हणाले.

तात्यांनी मखमलीची घडी उगाच सारखी केली. त्या घटकेला त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या. एक, दोन्ही खोटी. दुसरी, दोन्ही खरी. पहिल्या वाटेवर त्यांचे वडील, कलेक्टर, तंबू आणि दूध सगळंच वाहून जाणार होतं. बाळूकाका माझा हात इतका घट्ट धरून उभा होता की माझ्या बांगडीचे वळ उठले.

"सुकत्यात," तात्या हळूच म्हणाले. "जुन्या वस्तू सुकत्यात."

"तेच म्या म्हनतो. तुमचा कलेक्टर आन् आमचा साहेब, एकाच दुकानात गेले आसनार."

"दुकानात कशाला," तात्यांना आता सूर सापडला, "एकाच बोटीनं आले आसतील. बोटीवरच घेतलं आसंल दोघांनी. जोडीनं."

"जोडीनंच," आण्णा म्हणाले, आणि त्यांचे पांढरट डोळे भरून आले. "तात्या, ही जोडी इतक्या वर्सांनी परत एकत्र आली. आता आपन कोन मोडनार?"

मग जे झालं ते भराभर झालं. तात्यांनी स्वतःच सुपारी मागितली. आण्णांनी अडकित्ता घेतला, सुपारी फोडली. सगळ्यांच्या हातावर साखर पडली. बाळूकाकाच्या हातावर पडली ती त्यानं खाल्लीच नाही, मुठीत धरून बसला आणि मूठ चिकट झाली. तात्या आणि आण्णा एकमेकांना आपापला साहेब समजावून सांगू लागले. आमचा साबण आता दोन्ही गालांवर आला होता. तिकडं कलेक्टरही एक वाटी जास्त दूध प्यायला लागला होता. गलका ऐकून वडील पडद्याबाहेर आले, काय झालं ते न विचारता साखर खाल्ली आणि परत आत गेले.

मोठ्या काकूंना हळदीकुंकू द्यायला आईनं आत बोलावलं. मी पाट मांडला. काकू खाली बसल्या, वर बघितलं, आणि त्यांची नजर फळीवरच्या पितळी पातेल्यावर गेली. काठावरची वेल त्यांनी डोळ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. मग त्या उठल्या, कपाळाचं कुंकू ओलं असतानाच दारात आल्या, पडवीत मखमलीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांकडं बघितलं, वळून पातेल्याकडं बघितलं, मग आईकडं. आईनं नजर खाली टाकली. आणि सकाळपासून "हं"च्या पलीकडं एक शब्द न बोललेली ती बाई, सगळं घर ऐकेल अशा खणखणीत आवाजात बोलून गेली,

"अगं बया, तुमच्याकडंबी तीच बोहारीण येती व्हय?"